खांबाजवळची जागा

गेल्या हिवाळ्यात माझी नात सई मला पुण्याजवळच्या एका मैदानावर गाणं ऐकायला घेऊन गेली. मैदान कसलं, माळच तो. आत शिरताना मनगटावर पट्टा बांधला, दवाखान्यात तान्ह्या बाळाला बांधतात तसा. पिशवीतली पाण्याची बाटली काढून घेतली. शेंगाचटणीची पुडी एका पोरानं उघडून हुंगली, दुसऱ्यानं हुंगली, आणि दोघांनी मिळून ती पण ठेवून घेतली. सईला विचारलं, बसायचं कुठं? तर म्हणाली, "आजी, इथे कुणी बसत नाही." म्हणजे गाणं उभ्यानं ऐकायचं, एसटीत उभं राहिल्यासारखं. गाणारे यायच्या आधी माझे गुडघेच गायला लागले. पुढच्या पोरानं आपल्या मैत्रिणीला खांद्यावर घेतलं, त्याच्या पुढच्यानं फोन वर धरला, आणि स्टेजच्या जागी मला दिसल्या त्या फक्त पाठी. येताना गाडीत सई बिचारी ओशाळून म्हणाली, "सॉरी आजी, तुला मैदानात ऐकायची सवय नाही ना."

सवय नाही म्हणे. घरी सोलापूरला आल्यावर मला झोप लागेना. मैदानात गाणं ऐकण्यात किती हाल असतात ते मला कुणी सांगायला नको. मी एकदा एक अख्खं गाणं मैदानात ऐकलं आणि गाणारणीचं तोंडसुद्धा बघितलं नाही. ते सांगते.

आमचं घर म्हणजे पुढं कारखाना आणि मागं स्वयंपाकघर. कारखाना म्हटल्यावर तुम्हाला धुराडं दिसेल, तसलं काही नाही. आता हे सगळं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गेलं. तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी पुढच्या खोलीत माग असायचे. आमचेही होते. चादरी निघायच्या त्यावर. सकाळी अप्पांनी पट्टा चढवला की खडाक्‌ खडाक्‌ सुरू, ते दुपारच्या भाकरीपर्यंत. भिंतीवरचे देव हलायचे. मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिण करायच्या, आणि आम्ही पोरं त्यातच झोपायचो, त्यातच अभ्यास करायचो. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची. पाळण्यातली बाळं त्या शांततेनं दचकून उठायची.

घरात आम्ही दोन भाषा बोलत होतो, कानडी आणि मराठी, अर्धं वाक्य हिच्यातलं अन् अर्धं तिच्यातलं. आणि तिसरी होती ती मागाची. तिला आवाज नव्हता. माग चालू असताना ओरडून काही उपयोग नाही, म्हणून ओठ मोठे करून सावकाश बोलायचं, भुवया आणि हात जोडीला. कारखान्याच्या या टोकाकडून अव्वा, म्हणजे माझी आई, नुसते ओठ हलवून विचारायची, "भाजीत मीठ टाकलंस का गं गंगू?" आणि मी त्या टोकाकडून तसंच सांगायची, "दोनदा टाकलंय." अप्पांची थोरली बहीण, आमची अत्ती, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच राहायची. ती तर या बोलीत शिव्यासुद्धा द्यायची, आणि तेही उधारीवाला समोर बसलेला असताना. तो बिचारा समजायचा, बाई जप करतेय.

अव्वा सुताच्या कांड्या भरायची आणि दोन माग पण बघायची. माग बिघडायला लागला की तिला कानाच्या आधी हाताला कळायचं. ती येता-जाता सांगाड्यावर तळहात टेकवायची, जसा आपण आजाऱ्याच्या कपाळावर टेकवतो, आणि म्हणायची, "ह्यो बघा, ह्याचा धोटा अडकणार आता." आणि अडकायचाच. मी लहान असताना ती गायची. वीज गेली की भाकऱ्या थापता थापता कानडी पदं म्हणायची, गोड आवाजात. मग हळूहळू थांबली. आम्हाला वाटलं, वय झालं, काम वाढलं. खरं म्हणजे तिला तिचाच आवाज ऐकू येईना. आपला आवाज आपल्याला आला नाही की माणूस गप्प होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आणि मागाजवळ बसलात तर राहिलेलंही जाईल. अप्पा घरी येऊन सुताचे बोळे करून तिच्या कानात घालू लागले. अव्वानं दुसऱ्या दिवशी काढून टाकले. "भाकरी फुगल्याचं कळत न्हाई," म्हणाली. मागाजवळ बसायचं नाही तर खायचं काय, हे त्या डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. मग तिनं कानांचं काम डोळ्यांवर टाकलं. समोरच्याचे ओठ दिसले की तिला सगळं कळायचं. पाठ फिरवून बोललं की आपण भिंतीशी बोलतोय. म्हणून आमच्या घरात पाठ करून बोलायचं नाही असा दंडकच होता. मी म्हातारी झाले तरी अजून कुणाशी बोलताना आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. सुना हसतात.

आता पाहुणीचं सांगते. अव्वाचं माहेर वळसंग. ती माझ्या तेव्हाच्या वयाची असताना गावच्या जत्रेला धारवाडकडचा एक गाणाऱ्यांचा ताफा आला होता, आणि त्यातला एक म्हातारा आपल्या मुलीसह अव्वाच्या वडिलांच्या घरी उतरला होता. जत्रा संपली तरी म्हाताऱ्याचा ताप उतरेना, म्हणून ती मुलगी आणखी काही दिवस राहिली. दोघी एका ताटात जेवायच्या, पहाटे एका जात्यावर बसायच्या. तिनं अव्वाला एक पद शिकवलं. लग्न झालेली मुलगी अंधारात सासरी निघालीय, आणि आई उठून रडायला नको म्हणून घरातल्या एकेका गोष्टीला सांगतेय, सुम्मनिरु. म्हणजे गप्प राहा. गायीला म्हणते, हंबरू नको, सुम्मनिरु. रहाटाला म्हणते, करकरू नको, सुम्मनिरु. दाराला म्हणते, तू तरी वाजू नको. त्यात जातं नव्हतं. अव्वा म्हणाली होती, मग जात्याचं काय, ते तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडतं. तेव्हा दोघींनी दळता दळता एक कडवं जोडलं: जात्या, सुम्मनिरु, तुझ्या पोटात चार दाणे राहिलेत, ते तसेच ठेव, मी परत येईन तेव्हा दळीन. जाताना ती मुलगी म्हणाली, मी कुठंही हे पद गायले तर तुझं कडवं घालून गाईन.

पुढं ती मोठी गायिका झाली. रेडिओवर यायला लागली. घरात तिला कुणी नावानं ओळखत नव्हतं, सगळे "अव्वाची पाहुणी" म्हणायचे. रेडिओवर लागली की अव्वा रेडिओला कान चिकटवायची, पण ते पद कधी लागलं नाही, आणि नंतर तर रेडिओचीही नुसती घरघर ऐकू यायला लागली.

आमच्याकडं थंडीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की, एका मोठ्या मैदानावर गाण्याचा उत्सव भरायचा. फुकट होता, म्हणून मंद्रूपपासून बैलगाड्या यायच्या. आम्ही दरवर्षी जायचो आणि दरवर्षी चिडून परत यायचो. मांडवाचा बांबू बरोबर डोळ्यासमोर. पुढं एखादा फेटेवाला. माइक हॅलो हॅलो करण्यात तास घालवायचा आणि गाणं सुरू झालं की शीळ घालायचा. गवयी डोळे मिटून वरचा सूर लावतोय आणि मधेच कर्ण्यातून कुणी ओरडतंय, निळ्या झग्यातली मुलगी सापडली आहे, रडत आहे, आईनं घेऊन जावी. धूळ, डास, शेंगावाले. आणि चपला. आमच्या अत्तीच्या मते त्या उत्सवाला गावातली निम्मी माणसं नुसती चपला बदलून घ्यायला यायची.

त्या वर्षी एक दिवस अप्पा चहा पिऊन आले आणि माग बंद न करताच अव्वासमोर उभे राहिले. ओठांनी म्हणाले, "तुझी पाहुणी येतीय."

अव्वा बघतच राहिली. तिच्या मागावरचा धागा तुटला तरी तिला कळलं नाही. मग तीही ओठांनीच म्हणाली, "मला पुढं बसायचंय." जरा थांबून म्हणाली, "तिचे ओठ दिसाय पायजेत. ते कडवं गाती का न्हाई, बघायचंय."

अजून आठवते मला ती. आयुष्यात तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच बघितलं.

जागा धरायची आमची एक रीत होती. सकाळीच जाऊन मैदानात चादर अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड. अंथरलेल्या चादरीला कुणी हात लावायचा नाही. अप्पांनी स्वतःच्या मागावरची कोरी चादर काढली, मला सायकलवर पुढं बसवलं आणि आम्ही उजाडताच निघालो. तिथं बघतो तर आमच्यासारख्या कितीतरी जणांनी आधीच अंथरलेल्या. तरी दुसऱ्या रांगेत, बरोबर मधे, जागा मिळाली. तिथून माइकच्या दांडीवरचा गंजसुद्धा दिसत होता. अप्पांनी चादर झटकून पसरली, जरा लांब जाऊन बघितली, आणि म्हणाले, "हितनं हलू नको. कुणी कायबी म्हणू दे." आणि कामावर गेले.

मी हलले नाही. ऊन चढलं, भाकरी-चटणी तिथंच खाल्ली, पाणी मुद्दाम कमी प्याले, का ते सांगायला नको. दुपारी छातीवर बिल्ला लावलेले चार-पाच जण आले आणि पुढून चादरी उचलू लागले.

"ऊठ बाळ," त्यातला एक म्हणाला, "हितं सोफे यायचेत."

"आमची जागा हाय."

"जागा मैदानाची हाय की. पाहुणे कुटं बसतील?"

"आमचीबी पाहुणीच गाणार हाय," मी म्हणाले. तो हसला. दोघांनी चादरीचे कोपरे धरले आणि मला बाजूला करून, दगड झटकून, ती गुंडाळून घेऊन गेले. मी मागोमाग पळाले. फाटकाजवळ सगळ्या चादरींचा ढीग घातला होता, पुरुषभर उंच.

आणि इथं आम्हा सोलापूरकरांची फजिती झाली. परगावच्या माणसाला चादर म्हणजे विकत आणलेली वस्तू. आमच्याकडं ज्यानं त्यानं स्वतःच्या मागावरची, अभिमानानं, कोरी करकरीत आणलेली. आणि त्या वर्षी बाजारात मोराच्या नक्षीची चादर चालत होती, म्हणून सगळ्या गावानं मोरच विणले होते. जेवून-खाऊन बायका जागेवर आल्या आणि बघतात तो ढिगात मोरच मोर. तेवढ्यात अव्वाला घेऊन अत्ती पोचली. मला रडताना बघून तिनं पदर खोचला आणि ढिगात घुसली.

"ही माझी."

"तुमची कशावरनं?"

"मोर हाय."

"मोर सगळ्यांचाच हाय की, बाई."

"माझ्या मोराचं तोंड हिकडं हाय."

"चादर उलटी धरलीया तुमी. सुलटी धरा, मंग तिकडं हुईल."

पलीकडून एक बाई दुसरं टोक ओढत होती, "अम्मा, ये हमारी है ना, कोना देखो." अत्तीनं कोना बघितला, आणि दोघींनाही कळलं की कोनेही सगळे सारखेच आहेत. शेवटी जिच्या हाताला जी लागली ती तिनं नेली. आम्हीही एक आणली. घरी आल्यावर अप्पांनी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, विणलीय चांगली, पण आपली नव्हे. ती कुणाची कोण जाणे, अजून माझ्या कपाटात आहे. रंग उडाला, ऊब तशीच.

चादर मिळाली पण मैदान भरून गेलं होतं. जागा उरली होती ती अगदी मागं, एका खांबाजवळ. त्या खांबावर कर्णा बांधला होता, तो थेट डोक्यात बडवायचा, म्हणून तिथं कुणी बसत नव्हतं. आम्ही बसलो. अव्वानं मान उंच करून स्टेजकडं बघितलं. पुढं ते सोफे रिकामे होते, पांढऱ्या खोळी घातलेले. दिवस कलल्यावर पाहुणे आले, एकमेकांना हार घातले, प्रत्येक जण दोन शब्द बोलतो म्हणून पुष्कळ शब्द बोलला, मग सगळे चहा प्याले आणि एकेक करून उठून गेले. सोफे पुन्हा रिकामे. तरी बिल्लेवाले तिथं कुणाला टेकू देत नव्हते.

दिवेलागणीला पाहुणी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून कळलं. अव्वा डोळे बारीक करून बघत होती. मला विचारलं, "ती हिरवी दिसती, ती का?" मला नीट दिसत नव्हतं, तरी मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "ओठ दिसत न्हाईत."

सईच्या त्या मैदानात स्टेजच्या दोन्ही बाजूंना, सगळ्यांच्या डोक्यांवर, मोठे पडदे होते. गाणाऱ्या पोराचे ओठ आमच्या कारखान्याच्या दाराएवढे दिसत होते. सई कुरकुरत होती, आवाज आणि ओठ जुळत नाहीत म्हणून. मी त्या ओठांकडं बघत राहिले. अव्वाला काय फरक पडला असता आवाजाचा?

गाणं सुरू झालं. आमच्या डोक्यावर कर्णा घुमत होता, आणि अव्वा हातात हात धरून खाली बघत बसली होती. आजूबाजूचे वाहवा म्हणत होते, डोलत होते, आणि ती त्यांच्यात अशी बसली होती, जशी परक्या लग्नात चुकून आलेली बाई. थोड्या वेळानं अत्तीला म्हणाली, "चला वन्सं. बघून झालं."

का ते मला सांगता यायचं नाही, पण मी उठले, तिच्यासमोर जाऊन स्टेजकडं पाठ करून बसले, आणि तिच्या गुडघ्याला हात लावला. तिनं वर बघितलं. मी मागाच्या बोलीत, ओठ मोठे करून, कर्ण्यातून येतील ते शब्द सांगायला लागले.

पहिल्यांदा फार फजिती झाली. पहिलं गाणं मोठं रागदारीचं, त्यात शब्द ओंजळभर आणि बाकी सगळा आकार. आता आकार ओठांनी कसा सांगायचा? मी नुसता आ करून बसले. मग हात वर-खाली करायला लागले, सूर चढला की वर, उतरला की खाली. अव्वाला हसू आलं. पण ती बघायला लागली. आणि बघता बघता तिचा उजवा हात खांबाकडं गेला आणि तिनं तळहात त्यावर टेकवला, मागाच्या सांगाड्यावर टेकवायची तसा. कर्ण्यानं तो खांब थरथरत होता. तिची मान तबल्याबरोबर हलायला लागली. शब्द माझ्याकडून, ठेका खांबाकडून.

आमच्या शेजारी एक मास्तरीणबाई बसल्या होत्या, शाल, थर्मास, सगळा सरंजाम. त्यांना माझं तोंड सारखं समोर येत होतं. म्हणाल्या, "मुली, तोंड तिकडे कर. गाणं तिकडे आहे."

अत्ती म्हणाली, "तिच्या आईचं गाणं हिकडं हाय, बाई."

"म्हणजे?"

"तिला ऐकू येत न्हाई. पोरीच्या ओठावरचं बघतीया."

मास्तरीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या, अव्वाच्या खांबावरच्या हाताकडं बघितलं. मग थर्मास उचलून पलीकडं ठेवला, मला नीट मांडी घालायला जागा केली, आणि मागं वळून शेंगा सोलत गप्पा मारणाऱ्यांना म्हणाल्या, "जरा हळू. इथे एक जण ऐकतंय."

शेवटी पद आलं. पहिली ओळ कर्ण्यातून आली, आणि ते तर मला पाठ होतं. लहानपणी वीज गेल्यावर ऐकलेलं. मी गायीचं कडवं सांगितलं. अव्वाचेही ओठ हलायला लागले. रहाटाचं झालं. दाराचं झालं. प्रत्येक सुम्मनिरुला ती मान हलवायची. दाराच्या कडव्यानंतर ती माझ्याकडं अशी बघायला लागली, की पापणी लवेना. आता जात्याचं यायचं.

आलं नाही. पाहुणीनं दाराचीच ओळ दोनदा घोळवली, खाली आणली आणि पद संपवलं. माझ्या पाठीमागं टाळ्यांचा कडकडाट झाला. अव्वा तशीच माझ्या ओठांकडं बघत होती. मी थांबले नाही. मी ओठ हलवत राहिले: जात्या, सुम्मनिरु, तुझ्या पोटात मूठभर दाणे राहिलेत, ते तसेच ठेव, मी परत येईन तेव्हा दळीन. सगळं कडवं सांगितलं, शेवटचा सुम्मनिरु पण. अत्तीनं बघितलं. तिला मागाची बोली येत होती आणि कान पण शाबूत होते. ती दुसरीकडं बघायला लागली.

अव्वानं खांबावरचा हात काढला. पदरानं तोंड पुसलं. "साकु," म्हणाली, "पुरे. चला आता."

रस्त्यानं अव्वा पुढं चालत होती, हलकी, माहेराला निघाल्यासारखी. मधेच वळून म्हणाली, "तिचं लुगडं हिरवंच होतं न्हवं?" मी म्हणाले, मी बघितलंच नाही. अत्ती म्हणाली, "घ्या. दिवसभर ऊन खाल्लं, चादर घालवली, आन्‌ बाईला बघितलंबी न्हाई." अव्वाला ते ऐकू गेलं नाही, पण अत्तीचे ओठ दिसले, आणि ती हसली.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे माग सुरू झाले. मी कांड्यांची टोपली घेऊन कारखान्यात गेले. अव्वानं खूण करून बोलावलं. मला वाटलं, काम सांगतेय. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि ओठांनी म्हणाली, "दाराच्या कडव्याला खांब थांबला हुता."

मी टोपली धरून उभी राहिले. टाळ्यांना खांब थरथरत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कर्णा गप्प झाला की खांब गप्प.

"ती इसरली असंल," अव्वा म्हणाली. "लई गावं फिरली. लई जात्यावर दळलं असंल तिनं." मग भुवया उंचावून म्हणाली, "आन्‌ तू मूठभर म्हणालीस. मूठभर न्हाई, चार दाणे. मूठभर कोण ठेवतंय जात्यात."

आणि मग तिनं तळहात मागाच्या सांगाड्यावर ठेवला, त्याच ठेक्यावर मान हलवत ते कडवं म्हणायला लागली, बिनआवाजी, चार दाण्यांसकट. मीही म्हणायला लागले. पलीकडच्या मागावर अप्पा आमच्या दोघींच्या हलत्या ओठांकडं बघत होते. त्यांना वाटलं असेल, भाजीचं काही चाललंय. जात्याचं झालं तरी अव्वा थांबली नाही. तिनं माझ्याकडं बघत, अगदी सावकाश, मला नीट कळावं म्हणून ओठ मोठे करून एक नवीन कडवं घातलं. मागा, सुम्मनिरु, ती म्हणाली. घटकाभर गप्प राहा. माझी लेक गातेय.

माग कुठला गप्प राहतोय. तो चालूच होता, ताटल्या वाजत होत्या, भिंतीवरचे देव हलत होते. पण त्या दिवसापासून माझं लग्न होईपर्यंत आमच्या कारखान्यात रोज गाणं व्हायचं, आणि गल्लीत कुणाला ते कधी ऐकू गेलं नाही.